फांदीपासून रोप: काडीला पालवी फुटते, तरी ती का मरते?

शेजारच्या बंगल्यातल्या जास्वंदीची एक फांदी मागून आणायची, कुंडीत खोचायची आणि रोज पाणी घालायचं. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, पोपटी पालवी दिसते आणि घरात जाहीर होतं, ‘जास्वंद लागली!’ मग कुंडी उन्हात जाते, कुणीतरी चिमूटभर खतही घालतं, आणि पंधरा दिवसांत काडी काळी पडते. ‘आपल्या हाताला गुणच नाही’ असं म्हणून बरेच जण इथे नाद सोडतात.

हाताच्या गुणाचा यात काही संबंध नसतो. पालवी फुटणं आणि मुळं फुटणं या दोन वेगळ्या घटना आहेत आणि बहुतेक वेळा पालवी आधी येते. तिला फसून केलेली घाई हे घरच्या काड्या मरण्याचं एक मोठं कारण आहे. शेतकी भाषेत या पद्धतीला छाट कलम किंवा फाटे कलम म्हणतात, घरी आपण नुसतं ‘काडी लावणं’ म्हणतो. ती काडी जगवायची तर आधी तिच्या आत काय चाललेलं असतं ते पाहू.

काडीच्या आत काय घडतं?

फांदीवरच्या डोळ्यात पान जवळजवळ तयारच असतं, घडी घालून ठेवल्यासारखं. फांदीत साठलेलं अन्न आणि थोडं पाणी एवढ्यावर ते उघडतं. म्हणूनच फुलदाणीत ठेवलेली फांदीसुद्धा कधीकधी पालवते. मुळांचं तसं नसतं. बहुतेक झाडांच्या फांदीत मुळं आधीपासून नसतातच. कापाजवळच्या काही पेशींना आपलं रोजचं काम सोडून पुन्हा विभाजन सुरू करावं लागतं आणि त्यातून मुळाचा अंकुर नव्याने घडतो. खोडातून अशी फुटणारी मुळं म्हणजे वनस्पतिशास्त्रातली ‘आगंतुक मुळं’.

काही झाडं यात नशीबवान असतात. उसाचं कांडं हातात घेऊन पाहा. प्रत्येक पेराशी बारीक ठिपक्यांचा एक पट्टा दिसतो. ते मुळांचे तयार अंकुर आहेत. त्यामुळेच दोन डोळ्यांचं टिपरं सरीत दाबलं की ऊस उगवतो आणि शेतकऱ्याला उसाचं बी पेरावं लागत नाही. आपल्या जास्वंदीला, मोगऱ्याला, गुलाबाला मात्र हे काम शून्यापासून करायचं असतं. त्याला साधारण चार ते आठ आठवडे लागतात.

अडचण आहे ती या मधल्या काळाची. पानांतून पाणी उडत राहतं आणि ते भरून काढायला खाली मुळं नाहीत. उघडा काप थोडंफार पाणी शोषतो, पण तोच काप बुरशीला आत यायची वाट असतो. पाणी कमी पडलं तर काडी सुकते, जास्त झालं तर कुजते. पालवी या काळात मदत करण्याऐवजी खर्च वाढवते, कारण कोवळ्या पानांतून पाणी भराभर उडतं. काडी लावण्याबद्दल जे काही सांगितलं जातं, ते या एका हिशेबाशी ताडून पाहावं: त्याने पाणी उडणं कमी होतं का, काप कुजायचा वाचतो का, पेशींना वेळ मिळतो का?

कोणती फांदी, किती लांब

अगदी कोवळा, हिरवा शेंडा लवकर मुळं धरतो, पण लवकर मानही टाकतो. जून, तपकिरी, लाकडासारखी फांदी बराच काळ तग धरते, पण मुळांना वेळ लावते. जास्वंद, मोगरा, तगर, अनंत, क्रोटन अशा झुडपांसाठी मधली फांदी बरी, म्हणजे वाकवली तर लवते, जास्त वाकवली तर कट्कन मोडते अशी. गुलाब, बोगनवेल, अंजीर यांची पेन्सिलीएवढी जाड, पक्व फांदी घ्यावी. पुदिना, तुळस, कोलियस, पानओवा यांचे कोवळे शेंडेच चालतात.

फुलांनी किंवा कळ्यांनी भरलेली फांदी टाळावी. तिचा साठा फुलांकडे वळलेला असतो. दुसरी फांदी नसेलच तर निदान कळ्या खुडून टाका. फार जुन्या झाडाची शेंड्याकडची फांदी अवघड जाते. त्याच झाडाच्या बुंध्यापाशी आलेला नवा, जोमदार फुटवा बराच सोपा असतो. आणि फांदी सकाळी तोडा. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं. दुपारी तोडलेली फांदी आधीच तहानलेली असते. प्रवासात न्यायची तर ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालावी आणि तापलेल्या गाडीत ठेवू नये.

लांबी साधारण वीतभर पुरे, म्हणजे तीन-चार पेरं. पेर म्हणजे पान फांदीला जिथे जोडलेलं असतं तो सांधा. पुष्कळ झाडांत मुळं पेराच्या आसपास सहज फुटतात, म्हणून खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यावा. धारदार सिकेटर किंवा नवं ब्लेड वापरा. बोथट कात्रीने साल चेंगरते आणि चेंगरलेला भाग आधी कुजतो. खालच्या निम्म्या भागातली पानं काढून टाका, वर दोन-तीन ठेवा, आणि ती मोठी असतील तर आडवी अर्धी कापा. सगळी पानं मात्र ओरबाडू नका. हिरव्या काडीत मुळांसाठी लागणारी साखर आणि संप्रेरक पानांकडूनच खाली येतं.

हे संप्रेरक म्हणजे ऑक्झिन. ते शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि बुडाशी साठतं, म्हणून मुळं तिथे फुटतात. काडी उलटी खोचली तर हा प्रवाह चुकीच्या टोकाला जातो. पान नसलेल्या जून काड्यांचा जुडगा हातात असला की ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. त्यासाठी रोपवाटिकेत एक टोक सरळ आणि दुसरं तिरकं कापायची पद्धत आहे. तिरकं कोणतं ठेवायचं यावर माळीकाकांमध्ये वाद होतात. एकच रीत कायम ठेवलीत म्हणजे झालं.

कुंडीत काय भरायचं

आपल्याकडची काळी माती यासाठी वाईट. ती पाणी धरून ठेवते, आतली हवा संपते आणि काप कुजतो. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत हे सगळं नंतर. आत्ता काडीला खत नको, कारण ते घ्यायला मुळंच नाहीत. उलट अर्धवट कुजलेलं खत बुरशीला आमंत्रण देतं. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेतलं की पुरतं. परलाइट मिळाला तर वाळूऐवजी तो घ्या. बांधकामावरची क्रश सँड वापरणार असाल तर तिच्यातली भुकटी धुऊन काढा, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. कोकोपीटच्या विटेत कधीकधी क्षार असतात, त्यामुळे ती भिजवून एक-दोनदा पाणी बदलून पिळून घ्यावी.

भांडं म्हणून बुडाला भोकं पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. मुळं भिंतीशी आली की बाहेरून दिसतात आणि काडी उपटून पाहायचा मोह होत नाही. हा मोह खरा असतो. सुरुवातीला मी दर चार दिवसांनी काडी वर काढून ‘प्रगती’ पाहत असे. मुळांचे पहिले अंकुर कच्च्या शेवईसारखे ठिसूळ असतात, एकदा काडी हलली की तुटतात. ग्लासाबाहेरून काळा कागद गुंडाळून ठेवावा, कारण मुळं अंधारात बरी वाढतात. पाहायचं तेव्हा कागद सरकवावा.

काडी सरळ दाबून खोचू नका, सालीची किनार सोलली जाते. आधी दुसऱ्या काटकीने भोक करा, मग काडी ठेवा आणि भोवतीचं मिश्रण बोटांनी दाबा. एक-दोन पेरं आत गेली पाहिजेत.

झाकण आणि सावली

घरच्या यशाचा सर्वांत मोठा भाग झाकणात आहे असं माझं मत आहे. रोपवाटिकांमध्ये शेडनेट आणि धुक्यासारखे फवारे असतात, त्यामुळे हवा दमट राहते आणि पानांतून पाणी उडत नाही. घरी तेच काम पाण्याची मोठी बाटली बुडाशी कापून किंवा काठ्यांवर उभारलेली पारदर्शक पिशवी करते. आतून दव साचलं की समजा, ठीक चाललं आहे. दिवसातून एकदा पाच मिनिटं झाकण काढून हवा खेळू द्या. झाकलेला ग्लास थेट उन्हात कधीही ठेवू नका, आतली काडी अक्षरशः शिजते. भरपूर उजेड पण ऊन नाही अशी जागा हवी, जसं की उत्तरेची खिडकी, जिन्याचा कट्टा किंवा मोठ्या झाडाखालची सावली.

पाणी रोज घालायची गरज नसते. मिश्रण चिमटीत दाबल्यावर ओलसर लागावं, थेंब गळू नये. झाकण असेल तर आठवड्यातून एक-दोनदा पाहिलं तरी पुरे. चाफा, निवडुंग आणि मांसल पानांच्या झाडांना मात्र झाकण अजिबात नको. ती दमटपणाने कुजतात.

आपल्या हवेत यासाठी जून ते ऑगस्ट हा काळ फुकटच्या मिस्ट चेंबरसारखा असतो. बहुतेक झुडपांच्या काड्या तेव्हा लावाव्यात, फक्त मुसळधार पावसाच्या माऱ्यात ठेवू नयेत. पक्व लाकडाच्या काड्यांना, म्हणजे गुलाब आणि अंजिराला, हिवाळ्यातली छाटणी झाल्यावरचा काळ मानवतो. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते मे हा काळ टाळलेलाच बरा.

पावडर, मध आणि दालचिनी

झाडातलं ऑक्झिन बाहेरून दिलं तर मुळं लवकर फुटतात हे १९३० च्या दशकात प्रयोगांतून स्पष्ट झालं. बाजारात मिळणाऱ्या रूटिंग पावडरीत बहुधा त्याच कुळातलं इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं. पावडर थोडी वेगळ्या कागदावर काढावी, काडीचं ओलसर बूड तिच्यात टेकवावं आणि जास्तीची झटकून टाकावी. डबीत थेट काडी बुडवली तर ओल शिरून पावडर खराब होते. जास्त लावल्याने जास्त मुळं येत नाहीत. मात्रा वाढली की बूड जळल्यासारखं काळं पडतं.

मध, दालचिनी, हळद, कोरफड यांचं कौतुक व्हिडिओंत भरपूर असतं. मध आणि दालचिनी जंतू-बुरशीला थोडा आवर घालतात, एवढंच. मुळं फुटवायचं काम त्यांच्याकडून धरून चालू नये. नारळपाण्याचं आणखी वेगळं आहे. त्यात वाढीला चालना देणारी द्रव्यं खरोखर असतात आणि ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत ते वापरलंही जातं, पण तिथे सगळं निर्जंतुक असतं. आपल्या कुंडीत त्यातली साखर आधी बुरशीच्या उपयोगी पडते. जास्वंद आणि मोगऱ्याला यातलं काहीही न लावता चालतं. पावडरीचे पैसे बोगनवेल आणि गुलाबासाठी राखून ठेवा.

झाडागणिक वेगळं वागणं

शेवग्याची काडी लावतच नाहीत, हातभर-दोन हात लांब, मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या तोंडावर थेट जमिनीत पुरतात. चाफ्याची फांदी तोडली की पांढरा चीक येतो. ती फांदी पानं काढून आठ-पंधरा दिवस सावलीत नुसती ठेवून द्यावी, काप वाळून बंद झाला की मगच वाळूत लावावी. हा धीर धरला नाही तर चाफा हमखास कुजतो. कण्हेर सहज लागते, पण तिचं सगळं झाड विषारी आहे, तेव्हा काम झाल्यावर हात आणि सिकेटर दोन्ही धुवा. शेराचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

फुलवाल्याकडच्या गुच्छातल्या गुलाबाची काडी लावून पाहायची हौस अनेकांना असते. लागू शकते, पण अपेक्षा कमी ठेवा. ती दांडी आधीच बरेच दिवस तोडलेली असते. शिवाय अशा जाती बहुतेक वेळा दुसऱ्या जोमदार गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून वाढवलेल्या असतात. स्वतःच्या मुळांवर त्या तितक्या जोमाने वाढतीलच असं नाही. गावठी गुलाबी गुलाब मात्र काडीवर छान येतो. खुंटाचं हे गणित द्राक्षबागांत तर रोजचं आहे. डॉगरिजसारख्या खुंटाची काडी आधी मुळावतात आणि नंतर तिच्यावर हव्या त्या जातीचं कलम करतात, कारण क्षार आणि पाण्याची टंचाई सोसायला तो खुंट बळकट असतो.

सर्पपर्णीच्या पानाचे तुकडेही मुळं धरतात. पण पिवळ्या कडेच्या पानापासून केलेलं नवं रोप बहुधा साधं हिरवं निघतं, ती पिवळी कड तुकड्यातून पुढे जात नाही. कड हवी असेल तर कंदापासून फुटलेलं पिल्लू वेगळं करावं. कढीपत्त्याच्या फांद्या खोचून कंटाळलेल्यांनी मोठ्या झाडाच्या बुडाशी, मुळांवर आलेले फुटवे शोधावेत. ते मुळासकट निघतात. आणि आंब्याच्या फांद्या खोचण्यात पावसाळे घालवू नयेत. कोकणात हापूसची रोपं कोय कलमाने करतात ती उगाच नाही. नारळ आणि पपईसाठीही बी हाच घरचा मार्ग.

पाण्यात ठेवायच्या काड्या

मनीप्लांट, पुदिना, तुळस, कोलियस बाटलीतल्या पाण्यात एक-दोन आठवड्यांत मुळं देतात. पाण्यातली मुळं मात्र नाजूक असतात, त्यांना मातीची सवय नसते. म्हणून ती बोटभर झाली की लगेच कुंडीत हलवा आणि पहिले काही दिवस माती चांगली ओली ठेवा. हातभर मुळांचा गुंता झाल्यावर हलवलेली काडी जास्त रुसते.

एक गोष्ट इथे विसरू नये. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात घरोघर तपासणीला येणारे कर्मचारी मनीप्लांटच्या बाटल्या पाहतात ते यासाठीच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावं आणि बाटली आतून घासावी. अंडी काचेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी बरेच दिवस टिकतात.

मुळं आल्यावर

ग्लासाच्या कडेला पांढरी मुळं दिसली किंवा काडी अगदी हलकेच ओढल्यावर विरोध जाणवला, तर काम झालं. पालवी ही खूण धरू नका. आता झाकण एकदम काढू नये. आठवडाभर रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवत जावं, कारण दमट हवेत वाढलेल्या पानांना कोरड्या वाऱ्याची सवय नसते. मग मिश्रणाच्या गोळ्यासकट लहान कुंडीत हलवा. बोगनवेलीच्या बाबतीत गोळा अजिबात फुटू देऊ नका, तिची मुळं फार ठिसूळ असतात. काडीपेक्षा फार मोठी कुंडी घेतली तर तिच्यातलं पाणी वापरलं जात नाही आणि पुन्हा कुजण्याचा धोका येतो. नवी पानं जोमाने यायला लागली की मगच खत, आणि ऊन हळूहळू.

काडीपासून आलेलं रोप मूळ झाडाचीच नक्कल असतं. फुलाचा रंग आणि वास तोच येतो, तसे दुखणेही येतात. जास्वंदीच्या फांदीवरचा पिठ्या ढेकूण सगळ्यांना दिसतो, पण काही रोग बाहेरून दिसत नाहीत. डाळिंबाच्या बागांत तेल्या रोग पसरण्याचं एक कारण रोगट झाडांवर बांधलेल्या गुटी हे आहे. म्हणून फुकट मिळते म्हणून कुठलीही फांदी आणू नये. झाड निरोगी आहे ना, पानांवर डाग, वेडेवाकडे आकार किंवा चट्टेपट्टे नाहीत ना, हे आधी पाहावं.

जे झाड गमावून चालणार नाही

इमारत पुनर्विकासाला जाते, वाडा पाडायचा ठरतो, आणि अंगणातला आजीच्या हातचा मोगरा हलवता येत नाही. अशा वेळी शेवटच्या रविवारी चार काड्या तोडून आणणं पुरत नाही. घरी केलेल्या काड्यांपैकी काही मरणारच हे धरून दहा-पंधरा लावाव्यात आणि त्या दोन-तीन घरांत वाटून ठेवाव्यात. एका घरातलं पाणी चुकलं तरी दुसरीकडे एखादी जगते.

वेळ असेल तर याहून खात्रीचा उपाय म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फुटवणं. मोगऱ्याची लांब फांदी वाकवून तिचं एक पेर खालच्या बाजूने जरा खरवडायचं, शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबायचं आणि वर दगड ठेवायचा. हे दाब कलम. उंच, न वाकणाऱ्या फांदीवर गुटी बांधतात. साधारण दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. आतल्या लाकडातून वर चढणारं पाणी चालूच राहतं, त्यामुळे फांदी सुकत नाही. सालीतून खाली येणारी साखर आणि ऑक्झिन मात्र कापापाशी अडतात आणि तिथे मुळं फुटतात. काडीला जी तहान मारते, ती इथे नसतेच. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसू लागतात. मग त्यांच्या खालून फांदी कापून कुंडीत लावायची आणि पहिले पंधरा दिवस सावलीत ठेवायची.

घर रिकामं करायची तारीख दिवाळीनंतरची असेल, तर गुटी जुलै सरण्याआधी बांधायला हवी.